अहो आणि अरे

साप्ताहिकांतल्या सल्ल्याच्या सदरात एक पत्र ठराविक दिवसांनी येतंच. गाव बदलतं, मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. 'माझ्या यजमानांची एका बाईंशी मैत्री आहे. तसं वावगं काही दिसत नाही. पण मला फार त्रास होतो. मी काय करू?' आणि खाली ताईंचं उत्तरही ठरलेलं. 'संसार विश्वासावर चालतो. मन मोठं करा. एखाद्या छंदात स्वतःला गुंतवून घ्या.'

हे उत्तर वाचलं की मला वाटतं, ताईंनी पत्र नीट वाचलेलंच नाही. ती बिचारी आपणहून सांगते आहे, की वावगं काही दिसत नाही. म्हणजे विश्वास आहेच. विश्वास असूनही दुखतंय, ते का, एवढंच तिला विचारायचं आहे. आणि छंदाचं म्हणाल तर क्रोशाचे टेबलक्लॉथ विणून जिचा मत्सर गेला अशी एकही बाई माझ्या पाहण्यात नाही. टेबलक्लॉथ मात्र पुष्कळ पाहिले!

बारीक मीठ आणि पिठीसाखर दिसायला सारखी, म्हणून आपण ती एका डब्यात भरत नाही. पण संशय आणि मत्सर मात्र खुशाल एकत्र भरून ठेवतो. नवऱ्यानं काहीतरी केलंय असं वाटणं हा संशय. तो खिसे तपासतो, फोन चाळतो, वेळेचा हिशेब मागतो. मत्सराला यातलं काही लागत नाही. नवऱ्यानं काहीही केलेलं नाही हे पक्कं ठाऊक असतं, तरी तो दुसऱ्या कुणाशी आपल्यापेक्षा जास्त मोकळेपणानं हसला, एवढं त्याला पुरतं. संशय एकदा फिटला की फिटला. मत्सराचं तसं नाही. फेडायला मुळात आरोपच नसतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 2022 सालच्या पावसाळ्यात आमच्या घरात 'संशयकल्लोळ' आलं, तेव्हापासूनचं हे सारं आहे.

आम्ही सांगलीचे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच. त्यामुळं नाटकाचं वेड या गावाच्या पाण्यातच आहे म्हणतात. आमचे हे दिवसा बँकेत आणि संध्याकाळी नाटकात. करोनाच्या दोन वर्षांत तालमी बंद पडल्या, तेव्हा हे घरात पिंजऱ्यातल्या पोपटासारखे फिरायचे. मग मंडळानं पुन्हा उभारी धरली आणि 'संगीत संशयकल्लोळ' बसवायचं ठरलं. ह्यांना गळा नाही, पण फाल्गुनरावाची मदार गाण्यावर नाही, बोलण्यावर. तेव्हा फाल्गुनराव ह्यांच्याकडं आला. आणि फाल्गुनरावाच्या बायकोचं, कृत्तिकेचं काम आलं एका हायस्कुलातल्या बाईंकडं. वयानं माझ्याच बरोबरीच्या. आवाज खणखणीत, हसणं त्याहून खणखणीत.

नाटक बहुतेकींना माहीत असेलच. उन्हानं घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते कृत्तिका बघते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, आणि ती न्याहाळताना तिला फाल्गुनराव बघतो. झालं! चौघांतल्या एकानंही काही केलेलं नसतं आणि चौघंही एकमेकांवर संशय घेत सुटतात. 1916 साली गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं, तेव्हा गणपतराव बोडस फाल्गुनराव करायचे आणि बालगंधर्व रेवती. त्या काळी कृत्तिकाही पुरुषच. त्यामुळं नटांच्या बायकांना माझ्यासारखा प्रश्न पडला नसावा. (किंवा पडलाही असेल. त्यांना विचारलंय कोणी?)

तर तालमी सुरू झाल्या. शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात ते साडेनऊ. मी पहिल्या आठवड्यातच एकदा थालीपिठांचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन गेले. कृत्तिका फाल्गुनरावाला फैलावर घेत होती. दोघांनी प्रवेश असा रंगवला, की मी हातातला डबा विसरून पाहत राहिले. प्रवेश संपला. आणि त्या बाई पदर खोचत ह्यांना म्हणाल्या, "अरे, तू ते वाक्य गिळतोस बघ. पुन्हा म्हण."

तू. अरे.

हे निमूटपणे म्हणाले, "होय गं, तिथं दम पुरत नाही."

लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती माझ्या. चोवीस वर्षांत मी ह्यांना कधी 'अरे' म्हटलेलं नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही, आणि मलाही कधी त्याची खंत वाटली नव्हती. ह्यांचं वाक्य गिळलं जातं हे मीही जाणून होते. देवासमोर बसून संवाद पाठ करताना रोज ऐकत होते. पण ते 'पुन्हा म्हण' असं तोंडावर सांगणं, आणि ह्यांनी ते ऐकून घेणं, हे आमच्या दोघांत कधी घडलेलं नव्हतं. नाटकात ती बाई ह्यांची बायको म्हणून अहोजाहो करत होती आणि नाटकाबाहेर अरेतुरे. मला दोन्हींपैकी एकच मिळालेलं. ती दोन्हीकडून जेवून उठते आहे असं मला त्या क्षणी वाटलं.

घरी आल्यावर मी थालीपिठं कशी झाली होती एवढंच विचारलं.

पुढं रोज ते 'अरे' नव्या नव्या रूपानं घरात येऊ लागलं. साडेदहाला फोन वाजायचा. "अरे, दुसऱ्या अंकात तू डावीकडून आलास तर?" मग अर्धा तास. त्यात नाटक दहा मिनिटं, बाकी हसणं. मी पलीकडच्या खोलीत उद्याची भाजी निवडत बसायचे. कान तिकडं. आक्षेपार्ह शब्द एक नाही. असता तर बरं झालं असतं असंही एकदा मनात आलं, म्हणजे निदान भांडता तरी आलं असतं!

अशा वेळी मदतीला धावून येणारी माणसं तयारच असतात. शेजारच्या काकूंनी कुंडीला पाणी घालता घालता विचारलं, "आजही तालीम का गं? रोजच असते वाटतं हल्ली!" 'वाटतं' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला, तो काय वर्णावा. नणंदेनं फोनवर सांगितलं, "वहिनी, पुरुषाला इतकं मोकळं सोडू नये." जणू मी दावं सोडून दिलं होतं! सासूबाईंपाशी मात्र मी काही न बोलता त्याच बोलल्या. भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "तुझे सासरे रोज रात्री अडत्याच्या दुकानात पत्ते कुटायला जायचे. बारा-बारा वाजेपर्यंत. घरी आले की मुक्याचं व्रत. चार माणसांत मात्र असे बोलायचे, की लोक मला म्हणत, वैनी, तुम्ही भाग्यवान. माझी सवत म्हणजे तो पत्त्यांचा डाव. तुझ्या सवतीला निदान चहा तरी पाजता येतो."

मी हसले खरी, पण त्या बोलण्यानं माझ्या मनातला गुंता बराच सुटला. सासूबाईंचा मत्सर कुठल्या बाईवर नव्हताच. चार टोणग्यांवर होता. नवरा ज्या ज्या ठिकाणी खुलतो ते ठिकाण आपलं घर नाही, हेच त्यांना चाळीस वर्षं सलत होतं. मग माझं तरी वेगळं काय? ह्यांच्या जोडीला कृत्तिका म्हणून एखादे काका उभे असते आणि साडेदहाला त्यांचा फोन येऊन हे असेच खदखदून हसले असते, तर मला चाललं असतं? लोकांना चाललं असतं. मला नसतं चाललं.

मत्सराच्या नाटकांचा विचार त्या दिवसांत माझ्या डोक्यात सारखा असायचा. आमच्या सांगलीला लागूनच हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म तिथला. देवलांची गंमत अशी, की त्यांनी मत्सरावर दोन नाटकं लिहिली, दोन्ही परदेशी नाटकांच्या आधारानं. एक 1890 सालचं 'झुंजारराव', म्हणजे शेक्सपियरचा 'ऑथेल्लो'. दुसरं हे 'संशयकल्लोळ'. एकीकडं पुरावा म्हणून रुमाल, दुसरीकडं तसबीर. वस्तू दोन्हीकडं सारख्याच फालतू. पण एका नाटकात निर्दोष बायको जीव गमावते आणि दुसऱ्यात प्रेक्षक पोट धरून हसत घरी जातात. असं का व्हावं?

मला सुचलेलं कारण असं. ऑथेल्लो बायकोला धडपणे विचारतच नाही. तो विचारतो कान भरणाऱ्या इयागोला. बायकोपाशी तोंड उघडतो तेव्हा निकाल देऊन मोकळा झालेला असतो. फाल्गुनराव आणि कृत्तिका मात्र मनात आलं की ओरडतात. चुकीचं ओरडतात, चव्हाट्यावर ओरडतात, पण एकमेकांच्या तोंडावर ओरडतात. त्यामुळं कधी ना कधी समोरच्याला 'अहो, ती तसबीर मला रस्त्यात सापडली' असं सांगायला जागा तरी मिळते. शेजारच्या काकू काही इयागो नव्हेत. त्यांची एवढी कुवत नाही. पण नवऱ्याबद्दल नवऱ्याखेरीज बाकी सगळ्यांशी बोलायचं, ही वाट मला काही बरी दिसेना.

तेव्हा एका रात्री जेवणं झाल्यावर मी सरळ सांगून टाकलं. "त्या बाई तुम्हाला 'अरे' म्हणतात, त्याचा मला मत्सर वाटतो. संशय नाही. मत्सर."

हे आधी हसले. "फाल्गुनराव मी आहे की तू?" मी हसले नाही. मग ह्यांचा चेहरा उतरला, आणि मग चढला. "म्हणजे आता मी बोलायचंसुद्धा नाही कुणाशी?" वगैरे वगैरे. तो संवाद मी इथं देत नाही. तुमच्या घरचा आठवा, तोच आहे. त्यानंतर दोन दिवस घरात 'हं' आणि 'नको' एवढे दोनच शब्द.

हरिपूरला हळद साठवायची पेवं आहेत. म्हणजे पूर्वी पुष्कळ होती, 2005 च्या महापुरात बरीच निकामी झाली. जमिनीच्या पोटात खोल खड्डा, वरून तोंड बंद. हळद त्यात वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही. पण पेव उघडल्याबरोबर आत कोणी उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरून मरतो. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. विझला तर अजून थांबायचं. ते दोन दिवस मी कंदील सोडून बघत होते असं म्हणा. भाजी कशी झाली? हं. कंदील विझला.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. हे म्हणाले, "चल, संगमेश्वराला जाऊन येऊ." चिंचांच्या झाडांखालून हरिपूरला चालत गेलो. कृष्णा-वारणेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. पाणी गढूळ होतं. ह्यांनी एकदम विचारलं, "दर रविवारी तुझ्या मैत्रिणीचा फोन येतो. तू आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतेस. तासभर. बाहेर मला तुझं हसणं ऐकू येतं. माझ्याशी बोलताना तू तशी कधी हसतेस का?"

मी म्हटलं, "अहो, ती बाई आहे!"

"मग काय झालं? मला न सांगितलेलं तू तिला सांगतेसच ना?"

हे मला अगदी अनपेक्षित होतं. वीस-बावीस वर्षं हा माणूस त्या लोटलेल्या दाराकडं बघत बसला होता आणि मला पत्ता नव्हता. पत्ता लागणार कसा? पुरुषानं बायकोच्या मैत्रिणीचा मत्सर करायचा असतो हे आपल्याकडं कुणी त्याला शिकवलेलंच नाही. तो आपला 'बायकांच्या गप्पा संपत नाहीत' असा विनोद करून वेळ मारून नेतो.

पुढं जे बोलणं झालं त्यातलं एक वाक्य माझ्या चांगलं लक्षात आहे. हे म्हणाले, "तुझ्याजवळ बसलो की गॅसचा नंबर, आईच्या गोळ्या आणि धाकट्याची फी एवढंच निघतं. मला वाटलं, बाकीचं तुला ऐकायचं नसतं."

"तुम्ही कधी काढलंतच नाही."

"तू कधी विचारलंस?"

त्यावर कोण चूक कोण बरोबर हे ठरवत बसायला रात्र झाली असती. संसार म्हणजे दोन माणसांनी चालवलेली कचेरीच असते निम्मी. गोळ्या आणायलाच लागतात, फी भरायलाच लागते. मित्राशी बोलताना हे काहीच मध्ये येत नाही, म्हणून ते बोलणं हलकं आणि गोड असतं. त्या बाईंना ह्यांचा रक्तदाब मोजायचा नसतो. हे मला पटतं. पण पटलं म्हणून आपल्या वाट्याला कायम कचेरीच यावी, हे मला मान्य नाही. तसं मी स्पष्ट बोलले.

ह्यांनी विचारलं, "नाटक सोडू का?" दोन दिवस आधी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते सांगता येत नाही. त्या घाटावर मात्र मी नको म्हटलं. नाटक सोडलेला नवरा चोवीस तास घरात, ते करोनात पाहून झालं होतं. शिवाय माझ्यासाठी सोडलं, याचं ओझं मी जन्मभर कशाला वाहू? मी एवढंच मागितलं, की दिवसभरातली गंमत मला शिळी मिळू नये. तिकडं सांगून, हसून, चघळून झाल्यावर उरलंसुरलं घरी येतं, ते नको. आणि साडेदहाचा फोन साडेनऊच्या आत आटपावा, कारण त्यानंतरचा वेळ माझा आहे.

हे दोन्ही कबूल झाले. तिसरं मात्र झाले नाहीत. त्या बाई इतकं काय बोलतात ते मला सांगाल का, असं मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "माझं सगळं सांगेन. तिनं तिच्या घरचं मला काही सांगितलं असेल तर ते तिचं आहे. ते मी तुला सांगणार नाही." मला ते झोंबलं. अजूनही झोंबतं. पण मी माझ्या मैत्रिणीचं तरी ह्यांना कुठं सांगते? तिच्या नवऱ्याचं काय चाललंय हे ह्यांना कळलं तर ती मला जन्मात क्षमा करणार नाही. मैत्रीला स्वतःची एक कडी असते आतून, ती नवराबायकोलाही बाहेरून काढता येत नाही. मला हे आवडत नाही. पण आहे.

जाता जाता हे म्हणाले, "आणि तूही म्हण की मला 'अरे'. कोण नको म्हणतंय?" घरी आल्यावर सासूबाई देवळात गेलेल्या पाहून मी प्रयत्न केला. "अरे, चहा घेतोस का?" ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं आणि मी ह्यांच्याकडं असं पाहिलं, की चहा ओतू गेला. दुसरीच्या मापाचा ब्लाउज अंगात घातल्यासारखं झालं. पुन्हा तो प्रयोग केला नाही.

प्रयोगाच्या आधी आठ दिवस त्या बाई आमच्याकडं आल्या. "वहिनी, घरात एखादं जुनं लुगडं आहे का हो? फाल्गुनरावाच्या बायकोला शोभेल असं." सासूबाईंनी आपलं इरकली नऊवारी काढून दिलं. काष्टा बाईंना काही केल्या जमेना. तेव्हा सासूबाई निऱ्या धरून आणि मी मागं ओचा सावरत, अशा दोघींनी मिळून तिला कृत्तिका केली. माझ्या नवऱ्याच्या नाटकातल्या बायकोला मी नेसवते आहे, याचं मला आतून हसू येत होतं. ते तिला दिसलं असावं. आरशात बघत ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला कधी राग येतो का माझा?"

मी म्हटलं, "राग नाही. मत्सर येतो." हा शब्द एकदा उच्चारून झाला की दुसऱ्यांदा सोपा जातो.

ती घाबरली नाही की गोडगोड बोलली नाही. म्हणाली, "शाळेत मी बाई, घरी आई आणि सून. ह्याच्याशी बोलताना मी कोण आहे हे लक्षात ठेवावं लागत नाही. तेवढंच आहे. पण आमच्या घरीही रोज विचारतात हं, तालमीला आज कोण कोण होतं म्हणून." मग थोडं थांबून, "तुम्ही तोंडावर बोललात हे बरं केलंत. ते बोलत नाहीत. नुसतं विचारतात."

सासूबाई निऱ्या खोचत म्हणाल्या, "बोला, पण हलू नका. सुटेल."

प्रयोग छान झाला. ह्यांनी ते वाक्य गिळलं नाही. त्या बाईंची नि माझी मैत्री वगैरे जमली असं काही झालं नाही, कथेत होतं तसं. आम्ही दोघी एकमेकींना जपून असतो. संक्रांतीला हळदीकुंकवाला ती येते, मी तिच्याकडं जाते. ती ह्यांना 'अरे' म्हणते, आणि दहातल्या दोन वेळा अजूनही माझ्या पोटात बारीकसं काही हलतं. उरलेल्या आठ वेळा मी माझ्या कामात असते.

फोन साडेनऊच्या आत होतो. कधी पावणेदहा. रात्री हे मला बँकेतल्या गमती सांगतात. त्यातल्या निम्म्या रटाळ असतात, हे आता मी तोंडावर सांगते. रविवारी मी आतल्या खोलीचं दार पूर्वीइतकं घट्ट लोटत नाही. मैत्रिणीला त्यामुळं जरा दबकून बोलावं लागतं, आणि तिची त्याबद्दल तक्रार आहे.

मंडळानं पुढचं नाटक घेतलंय. प्रॉम्प्टर म्हणून मला बसाल का, असं विचारलंय. अजून मी हो म्हटलेलं नाही. संध्याकाळी आठला माझी मालिका असते.